वीज गेल्यावर ईएक्सटी४ डिस्क रीड-ओन्ली होते? माझा अनुभव

इंदूरला रामबागेतल्या आमच्या दुकानाचा लिनक्स पीसी, डिस्कवर ईएक्सटी४ (लिनक्सची फाइली साठवायची पद्धत). वीज जाऊन आली की जर्नल (बदलांची आधी लिहिलेली नोंदवही) रिप्ले व्हायचं, म्हणजे अर्धवट बदल त्यावरून पूर्ण व्हायचे, तरी थोड्या वेळात डिस्क रीड-ओन्ली: वाचता येते, लिहिता येत नाही. केबल बदलली, डिस्कही बदलली. तीन आठवडे अक्षरशः जीव मेटाकुटीला आला.

दोष एफएसटॅबमध्ये (/etc/fstab, कोणतं पार्टिशन कसं जोडायचं ते सांगणारी फाइल) होता: वेग वाढावा म्हणून कुणीतरी 'नोबॅरिअर' (nobarrier, लिहिण्याचा क्रम पाळायची सक्ती बंद) लिहिलेलं. त्यामुळे डिस्कची कॅशे (तात्पुरती साठवण) लिहिण्याचा क्रम मोडू शकते. जर्नलची कमिट नोंद ('बदल पूर्ण' अशी खूण) आधी उतरते, तिचे ब्लॉक मागेच राहतात. मग रिप्ले चुकीचाच होणार.

आधी बॅकअप. लाइव्ह यूएसबीवरून सुरू करून, पार्टिशन माउंट न करता (न जोडता) त्यावर 'ई२एफएससीके -एफ' (e2fsck -f, डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा. मग ते माउंट करून एफएसटॅबमधला फक्त 'नोबॅरिअर' शब्द काढा, रीबूट करा. शेवटी '/proc/mounts'मध्ये माउंटची ओळ तपासा: 'नोबॅरिअर' दिसता कामा नये.

हा बदल केल्यावर फाइल कॉपी होत असताना पाच वेळा मुद्दाम प्लग ओढला. पाचही वेळा ई२एफएससीकेला एकही चूक सापडली नाही.