आधी विचारा, कशाचे मोल?

रसायनशास्त्रातल्या मोलची गणितं शिकवून मला बरीच वर्षं झाली. पोरं गुणाकारात फारशी चुकत नाहीत. चुकतात ती त्याच्या आधी, कोणते कण मोजतोय हे न ठरवता आकडे मांडायला बसतात तेव्हा. म्हणून माझ्या फळ्यावर 'मोल' हा शब्द कधी एकटा नसतो. 'क्लोराइड आयनांचे ०.२ मोल' असं पूर्ण लिहायचं, कंटाळा आला तरी.

मोल म्हणजे डझनासारखीच एक ठरलेली संख्या. पूर्वी ती १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंवरून ठरायची; २० मे २०१९ पासून आकडाच पक्का केला आहे: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. आपल्याला ६.०२२ पुरे.

आता ११.१ ग्रॅम निर्जल कॅल्शियम क्लोराइड घ्या. त्यात क्लोराइड आयन किती? सूत्रवस्तुमान, म्हणजे सूत्रातल्या सगळ्या अणूंच्या वस्तुमानांची बेरीज, काढा: कॅल्शियमचे ४० अधिक क्लोरिनचे दोनदा ३५.५, म्हणजे १११. तेवढे ग्रॅम म्हणजे एक मोल. वजनाला त्याने भागलं की ०.१ मोल. बहुतेक जण इथूनच थेट गुणाकाराला धावतात. थांबा. हे ०.१ मोल सूत्र एककांचे आहेत. एका एककात क्लोराइड दोन, म्हणून क्लोराइडचे ०.२ मोल, कॅल्शियमचे मात्र ०.१च. मग अगदी शेवटच्या ओळीत ६.०२२ ने गुणा: १.२०४ गुणिले १० चा २३ वा घात. तो अगडबंब घात आधीपासून ओढत आणू नका, सगळा हिशेब मोलमध्येच उरका. कण देऊन वजन विचारलं असेल तर हाच रस्ता उलटा चाला.

'१६ ग्रॅम ऑक्सिजन' दिसलं की सावध व्हा. अणूंचा तो १ मोल, पण वायूच्या रेणूंचा अर्धाच.

मी स्वतः फसलो ते मोरचुदाने, म्हणजे कॉपर सल्फेटच्या निळ्या स्फटिकांनी. ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) द्रावण २५० मिली करायचं होतं. कॉपर सल्फेटचं १५९.६ धरून निळे स्फटिक ३.९९ ग्रॅम तोलले. टायट्रेशनला, म्हणजे दुसरं माहितीचं द्रावण थेंबाथेंबाने घालून तपासलं तेव्हा, द्रावण निघालं ०.०६४ मोलर. दोन वेळा ब्युरेट (थेंब सोडायची मापाची नळी) धुतली, तिच्यातल्या सोडियम थायोसल्फेटवर संशय घेतला. दोष स्फटिकांतल्या पाण्याचा होता, म्हणजे माझाच: कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू, म्हणून खरं वस्तुमान २४९.७. मग मुकाट्याने ६.२४ ग्रॅम तोलून नवं द्रावण केलं.