खाडीच्या चिखलातली वीज: या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीचा चिखल बादलीत भरून आणणारी मुलं हमखास भेटतात. प्रयोग मला मनापासून आवडतो. काळ्या चिखलात एक इलेक्ट्रोड पुरायचा, वरच्या खाऱ्या पाण्यात स्टीलचा दुसरा सोडायचा आणि दोन्ही तारेने जोडायचे. चिखलातले जिवाणू गाळ खाऊन सुटलेले इलेक्ट्रॉन खालच्या इलेक्ट्रोडला देतात. वर स्टीलवर समुद्री जिवाणूंचा थर बसतो आणि पाण्यातल्या ऑक्सिजनला तारेतून वर आलेले ते इलेक्ट्रॉन घेणं सोपं करतो. एरवी या कामाला महागडं प्लॅटिनम लागतं.

सगळ्यात फसवी चूक धातूची. खाली जीआय तार (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार) घातली की पहिल्याच मिनिटाला मल्टिमीटर पाऊण-एक व्होल्ट दाखवतो आणि सगळे खूश! ती वीज जिवाणूंची नाही, तारेवरचं जस्त झिजतंय त्याची आहे. तांब्याच्या तारेचं उघडं टोक ओलं राहिलं तरी आकडे बिघडतात. म्हणून खाली ग्राफाइट किंवा कार्बन फेल्ट (कार्बनच्या तंतूंचं नमद्यासारखं कापड), वर ३१६ जातीचं स्टील घ्या. ३०४ ला खाऱ्या पाण्यात लवकर खड्डे पडतात. जोड पाण्याबाहेर ठेवा, नाहीतर इपॉक्सीने पूर्ण बंद करा.

जिवाणूंचा करंट पहिल्या दिवशी येत नाही, दिवसागणिक हळूहळू चढतो. तरी खात्री हवीच. थोडा चिखल जुन्या कुकरमध्ये अर्धा तास शिजवा (तो कुकर पुन्हा स्वयंपाकाला नको) आणि तशीच दुसरी बरणी लावा. दोन्हींत सारखाच करंट आला, तर तो जिवाणूंचा नव्हे.

स्टील बुळबुळीत झालं म्हणून घासू नका. होडीचा तळ खरवडायची आपल्याला सवय, पण इथे तो चिकटाच कामाचा. घासलात की पुन्हा कित्येक दिवस थांबा.

विहिरीच्या पाण्यात मीठ घालून समुद्र होत नाही, त्यात समुद्री जिवाणू कुठून येणार? नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तर त्यांचं वैरीच. पावसाळ्यात खाडी गोडी होते, पाण्यातून विद्युतवहन कमी होतं आणि करंट पडतो. तेव्हा दोष थराला देऊ नका. चिखल काढताना कांदळवनाची मुळं मात्र तुडवू नका.

थेट खाडीत मांडणी केली असेल तर ओहोटीला स्टील उघडं पडतं आणि आकडा शून्यावर येतो. ते तरंगत्या डब्याला बांधा.

नुसता व्होल्टेज मोजून वहीत लिहू नका. १००० ओहमचा रेझिस्टर जोडून मोजा. त्यावर ०.३ व्होल्ट मिळाले तर करंट ०.३ मिलिअँपिअर.

‘एलईडी का लागत नाही?’ हा प्रश्न ठरलेलाच. लाल एलईडीला साधारण १.८ व्होल्ट लागतात, एक सेल, म्हणजे अशी एक मांडणी, जेमतेम ०.७-०.८ देतो, तेही लोड (रेझिस्टर, एलईडी असं काही) जोडलेला नसताना. सेल एकामागोमाग जोडायचे तर प्रत्येकाची बादली वेगळी हवी. एकाच पाण्यात ठेवलेत तर ते पाण्यातूनच एकमेकांना जोडले जातात आणि व्होल्टेजची बेरीज होत नाही.