फ्रेंच वाइनच्या बाटलीवर आधी काय वाचायचं

आमची संत्र्याची बाग काटोलकडे. आंबिया बहाराचा माल आमच्याकडे बरेच जण झाडावरच व्यापाऱ्याला देतात. पुढे तो नागपूरच्या कळमना बाजारात उतरतो की परस्पर बाहेर जातो, आणि कोणाच्या नावानं विकला जातो, ते बागवाल्याला कळतही नाही. म्हणून घरी कोणी फ्रेंच वाइन आणली की मी पहिल्यांदा एकच गोष्ट शोधतो: ज्यानं द्राक्षं पिकवली, त्यानंच ती बाटलीत भरली का?

लेबलच्या खालच्या कडेला किंवा बुचावर बारीक अक्षरांत ‘मीज आँ बुतेय ओ शातो’ असं फ्रेंचमध्ये लिहिलेलं असतं. ‘शातो’ म्हणजे इथे द्राक्षमळा; म्हणजे वाइन मळ्यातच भरली. बरगंडी या फ्रान्सच्या दुसऱ्या वाइन प्रांताकडे ‘शातो’ऐवजी त्याच अर्थाचं ‘दोमेन’ दिसेल. ‘आ ला प्रोप्रिएते’ असेल तर थोडं थांबा, कारण तसं सहकारी संस्थेलाही लिहिता येतं. त्यात वाईट काही नाही, पण ती एका घराची वाइन असेलच असं नाही.

ही ओळ बोर्दोत, म्हणजे फ्रान्सच्या नैऋत्येकडच्या वाइनच्या मुलखात, सहजासहजी आलेली नाही. तिथले मळेवाले वाइन पिंपांतच व्यापाऱ्यांच्या ताब्यात देत. मुरवणं, भरणं, नाव लावणं सगळं शहरातल्या गोदामांत. पोइयाक गावातला शातो मूताँ हा मळा रोथशिल्ड घराण्यानं १८५३ साली घेतला. १९२२ मध्ये त्याचा कारभार वीस वर्षांच्या फिलिप यांच्याकडे आला आणि १९२४ पासून त्यांनी सगळी वाइन घरीच भरायची असं ठरवलं. मग पिंपं ठेवायची कुठे? त्यासाठी १९२६ साली शंभर मीटर लांबीचं कोठार बांधावं लागलं. शेतकऱ्यानं माल स्वतःच्या नावावर विकायचा तर जागा, पैसा आणि धीर तिन्ही लागतं, हे मला या कोठारावरून फार पटतं. बोर्दोच्या मळ्यांच्या १८५५ मधल्या अधिकृत प्रतवारीत दुसऱ्या श्रेणीत टाकलेला हा मळा १९७३ मध्ये पहिल्या श्रेणीत गेला. मालकी आजही त्याच कुटुंबाकडे आहे. १९४५ पासून, काही मोजकी वर्षं सोडली तर, दरवर्षी लेबलवर कलाकाराचं काम असतं. २००९ चं आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं आहे.

आता गावाचं नाव बघा. याच घराण्याची ‘मूताँ काडे’ ही स्वस्तातली वाइन आहे. तिच्यावर पोइयाक नाही, नुसतं बोर्दो लिहिलेलं असतं, कारण तिची द्राक्षं त्या एका मळ्यातली नसतात. नाव जितक्या लहान जागेचं, तितकी वाइन कुठली हे नेमकं कळतं. ‘ग्राँ व्हँ द बोर्दो’ (बोर्दोची थोर वाइन) या झोकदार अक्षरांना मात्र भुलू नका, तो दर्जाचा शिक्का नव्हे. साल छापलेलं असतं ते द्राक्षतोडणीचं.

घरात कडक शाकाहारी पाहुणे असतील तर विचारून घ्या. बोर्दोत लाल वाइन नितळ करायला अंड्यातलं पांढरं वापरायची जुनी पद्धत आहे.

नागपुरात खरी काळजी ठेवण्याची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा बाटली कपाटावर किंवा शोकेसमध्ये ठेवलीत तर तिचं वाटोळं झालंच समजा. काही आठवड्यांपुरती फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहील. लाल वाइन सोळा-अठरा अंशांना द्यायची असते. त्यामुळे फ्रिजमधून काढल्यावर थोडा वेळ बाहेर ठेवा. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करा, गाळ तळाशी बसू द्या. ओतताना बाटलीच्या मानेमागे टॉर्च धरा आणि गाळाची काळी रेघ मानेशी आली की हात थांबवा. बोर्दोच्या तळघरांत हेच काम मेणबत्तीच्या उजेडात करत.

सावजी रश्शासोबत ही लाल वाइन नकोच. तिचा तुरटपणा तिखटाला आणखी भडकवतो, दोन्हींची चव जाते. साधं भाजलेलं मटण किंवा चीज द्या. सावजीच करायचं ठरलं असेल तर फ्रान्सच्याच आल्झास प्रांतातली थोडी गोडसर पांढरी वाइन, गेवुर्त्स्ट्रामिनर, थंडगार करून ठेवा.