नवरंग ओळखायचा तर आधी कान लावा

मे संपत आला, एखादा वळीव पडून गेला, की जळगाव जिल्ह्यातल्या पाटणादेवीच्या किंवा यावल-पालच्या रानात नवरंग शोधायला निघावं. हिवाळ्यात हा पक्षी दक्षिणेत, थेट श्रीलंकेपर्यंत असतो आणि विणीला पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येतो. डिसेंबरात कितीही पायपीट केली तरी हाती काही लागत नाही.

उघडा माळ आणि अंजनाचं विरळ रान सोडून द्या. नाल्याकाठची गर्द झाडी गाठा. खाली झुडपांची जाळी आणि कुजका, ओलसर पाचोळा हवाच. फाटक कधी उघडतं ते वनखात्याच्या नाक्यावर आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

आता दुर्बीण बाजूला ठेवून ऐका. ‘व्हीट-ट्यू’ अशी दोन सुरांची खणखणीत शीळ उजाडताना आणि दिवस मावळताना येते. आभाळ भरलेलं असेल तर भर दुपारीसुद्धा. शीळ घालताना तो बहुधा फांदीवर असतो, मान मागे टाकून चोच वर करतो. शीळ थांबली की नजर जमिनीवर आणा, कारण त्याचं पोट तिथेच भरतं. टुणटुण उड्या मारत जातो, चोचीने एकेक पान उलथतो, खालचे किडे, वाळवी, अळ्या, गांडुळं टिपतो. मध्येच थांबून आखूड शेपटी हळूच वरखाली हलवतो. पाचोळ्याची खसखस ऐकू आली तर पाऊल उचलू नका, झाडाला टेकून बसा.

दिसला की आधी डोळ्यावरची जाड काळी पट्टी बघा. मग पांढरा गळा, हिरवी पाठ, बदामी पोट, शेपटीखाली लाल रंग. आकार साळुंकीहून लहान, गुबगुबीत. पंखावर चमकदार निळा डाग असतो, त्यामुळे नवख्याला खंड्या वाटतो. पण खंड्याची चोच लांब, आणि तो असा पाचोळा उलथत बसत नाही. उडाला तर पंखाच्या टोकाशी पांढरा ठिपका चमकतो.

मोबाइलवर शीळ वाजवून त्याला बोलावू नका. ऐन विणीत तो त्या आवाजाशी भांडायला येतो आणि घरटं उघडं पडतं. काटक्या-पानांचा, बाजूने तोंड असलेला गोळा जमिनीवर किंवा बेचक्यात दिसला, तर आल्या पावली परत फिरा.

प्रवासात थकलेला नवरंग कधी कधी थेट ओसरीवर येऊन पडतो. त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.