खेळातल्या नोकरीसाठी बायोडेटा लिहिताय? या चुका टाळा

२०२३ साली ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाली आणि एका खेळाडूच्या मागे किती तऱ्हेची माणसं राबतात ते आपल्या मुलांनी जवळून पाहिलं. प्रशिक्षक, पंच, फिजिओ, मैदान राखणारे, निकाल नोंदवणारे, संघांची राहण्याची आणि वाहतुकीची सोय बघणारे. फुटबॉल क्लब, अकादमी, शाळा, जलक्रीडा, मिरामारला होणारी आयर्नमॅन ७०.३ ही पोहणं, सायकल आणि धावणं अशी तिहेरी शर्यत, अशा सगळ्या ठिकाणी अशी माणसं लागतात. पण त्यासाठी आलेले बायोडेटा वाचताना जीव तुटतो. मुलगी मेहनती असते, मुलाची मैदानावरची समज उत्तम असते आणि कागदावर त्यातलं काहीच उतरलेलं नसतं.

याचं मूळ मला आपला गोवा आकाराने लहान असण्यात दिसतं. उत्तर टोकाच्या पेडण्यात कोण चांगला खेळतो ते दक्षिण टोकाच्या काणकोणात ठाऊक असतं, म्हणून ‘मला सगळे ओळखतात’ असं धरूनच आपण लिहितो. कागद पहिल्यांदा चाळणारा माणूस मात्र मुंबईत किंवा बेंगळुरूत बसलेला असू शकतो. त्याने तुमचा एकही सामना पाहिलेला नसतो. तुमची प्रत्येक ओळ त्याला ताडून पाहता आली पाहिजे. पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

‘राष्ट्रीय पातळीवर खेळलो’ एवढंच लिहिणं

सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक ही. राष्ट्रीय म्हणजे नेमकं काय? त्या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाची अजिंक्यपद स्पर्धा, शालेय क्रीडा महासंघाची स्पर्धा, आंतरविद्यापीठ स्पर्धा, खेलो इंडिया, की एखाद्या खासगी संस्थेने ‘अखिल भारतीय’ नाव देऊन भरवलेली निमंत्रितांची स्पर्धा? या सगळ्यांचं वजन सारखं नाही आणि निवड करणाऱ्याला ते चांगलं कळतं. मोघम लिहिलं की तो हलक्यातलाच अर्थ धरतो.

म्हणून प्रमाणपत्र समोर घेऊन बसा आणि स्पर्धेचं अधिकृत नाव, भरवणारी संस्था, वयोगट, प्रकार, ठिकाण, वर्ष आणि निकाल जसाच्या तसा उतरवा. ‘जलतरणात अनेक पदकं’ याऐवजी ‘राज्य अजिंक्यपद, कांपाल, २०२२, १७ वर्षांखालील मुली, १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक, दुसरा क्रमांक’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला विचारायला काही उरत नाही. अशा चार ओळी वीस पदकांच्या यादीपेक्षा भारी पडतात. इयत्ता पाचवीतली लिंबू-चमचा आणि गावच्या फेस्ताच्या वेळची दौड आता गाळा.

केंद्र सरकारी खात्यांतल्या खेळाडूंच्या जागांसाठी तर प्रमाणपत्राचे नमुने ठरलेले आहेत. आंतरराष्ट्रीय सहभागासाठी नमुना १, त्यावर राष्ट्रीय महासंघाच्या सचिवाची सही. राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळला असाल तर नमुना २, इथे राज्य संघटनेच्या सचिवाची सही चालते. आंतरविद्यापीठासाठी नमुना ३ विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून आणि शालेय राष्ट्रीय स्पर्धेसाठी नमुना ४ शिक्षण खात्याकडून. बायोडेटात एक पातळी आणि नमुन्यावर दुसरी असं झालं, की खरा खेळाडूसुद्धा संशयात सापडतो.

नावाचंही तेच. गावकर, केरकर, सावंत ही आडनावं आपल्याकडे इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. आधारवर एक, दहावीच्या दाखल्यावर दुसरं, पदकाच्या प्रमाणपत्रावर तिसरं. दहावीच्या दाखल्यावरचं स्पेलिंग प्रमाण धरा, बायोडेटात तेच ठेवा आणि फरक मोठा असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

प्रशिक्षकाच्या जागेला खेळाडूचा बायोडेटा

प्रशिक्षक शोधणाऱ्याला तुम्ही किती गोल मारले यापेक्षा तुम्ही कोणाला काय शिकवलंत ते हवं असतं. आणि नेमकं तेच अर्ज करणारे शेवटच्या ओळीत ‘कोचिंगचा अनुभव’ म्हणून उरकतात. वाळपईच्या मैदानावर संध्याकाळी मुलांना शिकवत असाल तर वयोगट लिहा, मुलं किती ते लिहा, आठवड्यातून किती दिवस, किती हंगाम, त्यांतली किती मुलं तालुका किंवा राज्य निवडीपर्यंत गेली तेही लिहा. मानधन मिळालं नसलं तरी ते काम आहे, आणि फार मोलाचं काम आहे.

परवाना लिहिताना घोळ नको. फुटबॉलमध्ये एआयएफएफ (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) ‘डी’ लायसन्स आणि त्यापुढची एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) ‘सी’, ‘बी’, ‘ए’ ही चढती पायरी आहे. कोणती पायरी आणि कोणत्या वर्षी, दोन्ही हवं. ‘एनआयएस केलं आहे’ हे वाक्य तर मला कायमचं हद्दपार झालेलं बघायचं आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका वेगळी आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम वेगळा. दोन्ही चांगले आहेत, पण सहा आठवड्यांवर पदविकेची छाया पाडलीत तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला ती सरते.

स्पर्धांच्या आयोजनातलं कामही असंच पातळ लिहिलं जातं. २०१७ आणि २०२२ च्या १७ वर्षांखालील फिफा विश्वचषकांचे सामने मडगावजवळ फातोर्ड्याला झाले. तुम्ही तिथे किंवा राष्ट्रीय स्पर्धेत स्वयंसेवक होता, तर कुठल्या मैदानावर, कुठल्या विभागात आणि काय सांभाळलंत ते सांगा. ‘बांबोळीला पाहुण्या संघांच्या बसगाड्यांचं वेळापत्रक पाहिलं’ ही साधी ओळ ‘उत्कृष्ट व्यवस्थापन कौशल्य’ या शब्दांपेक्षा कितीतरी बोलकी आहे.

एकच कागद सगळीकडे पाठवणं

राज्य सरकारी जागेसाठी बायोडेट्यापेक्षा अर्ज आणि जोडपत्रं महत्त्वाची. १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, कोकणीचं ज्ञान ही अट आणि मराठी येत असल्यास पसंती, असं जाहिरातीत असतं. ती ओळीओळीने वाचा. शाळेसाठी बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी वर घ्या, क्लबसाठी लायसन्स वर घ्या. जलक्रीडेत जीवरक्षण आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र पहिल्या चार ओळींत यावं, मुदतीच्या तारखेसह.

भाषा तर आपली मुलं लिहायलाच विसरतात! कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी या चार भाषांत मुलांशी आणि पालकांशी बोलू शकणारा प्रशिक्षक अकादमीला हवाच असतो. कोणती बोलता येते आणि कोणती लिहिता येते, हे वेगवेगळं नोंदवा.

जन्मतारीख आणि मधली रिकामी वर्षं

वय कमी दाखवून वयोगटात खेळलेल्यांचं पुढे काय होतं ते या क्षेत्रातल्या सगळ्यांनी पाहिलं आहे. दोन कागदांवर दोन तारखा असतील तर अर्ज करण्याआधी दुरुस्ती करून घ्या, दडवू नका. दुखापतीमुळे गेलेली वर्षंही लपवू नयेत. ‘२०२१–२२: गुडघ्याची शस्त्रक्रिया, पुनर्वसन, याच काळात पंच परीक्षा’ असं लिहिलं की रिकाम्या जागेचाही अर्थ लागतो.

ओळखीच्या माणसाचं नाव

संदर्भ म्हणून आमदाराचं किंवा सरपंचाचं नाव घालायची आपल्याकडे फार सवय. त्यांनी तुम्हाला मैदानावर काम करताना क्वचितच पाहिलेलं असतं. त्याऐवजी तुमचा प्रशिक्षक, शाळेचे मुख्याध्यापक, तालुका किंवा राज्य संघटनेचे पदाधिकारी यांतले दोघे निवडा आणि नाव देण्याआधी त्यांना विचारा. फोन आल्यावर ‘कोण हा?’ असं उत्तर गेलं तर बाकीचा कागद कितीही चांगला असो, उपयोग नाही.

बाकी किरकोळ गोष्टी पटकन. दोन पानांच्या वर जाऊ नका. पीडीएफला स्वतःचं नाव आणि जागेचं नाव द्या. खेळाचा व्हिडिओ जोडत असाल तर तीन मिनिटांचा पुरे. त्यात तुमचा जर्सी क्रमांक सांगा आणि लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडते का ते पाहून घ्या.

आणि प्रमाणपत्र हरवलं असेल तर दुसऱ्या प्रतीसाठी संघटनेकडे लेखी अर्ज आजच द्या. पदाधिकारी बदलले की जुनी दप्तरं शोधणं अवघड होतं, आणि जाहिरात आल्यानंतर हाताशी फार दिवस नसतात.