अपडेटनंतर उबुंटू सुरूच होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

अपडेटमुळे लिनक्स बूट होणं बंद पडू शकतं का? हो. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रबच्या (कॉम्प्युटर चालू होताना लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) नव्या आवृत्तीमुळे आर्च लिनक्सवाल्यांचे (उबुंटूसारखाच लिनक्सचा एक प्रकार) कॉम्प्युटर अडकले होते. पण तुमच्या फाइली अशा वेळी बहुधा जिथल्या तिथे शाबूत असतात, म्हणून घाईने फॉरमॅट मारू नका, ही कळकळीची विनंती.

उबुंटूवर नेहमी दिसणारा प्रकार असा: नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) येतो, पण /बूट विभाजन (डिस्कवर कर्नल ठेवायची जागा) भरलेलं असतं किंवा मध्येच लाइट जाते आणि कर्नलला सुरू होताना लागणारी इनिट्रॅमएफएस फाइल तयारच होत नाही. मग काळ्या स्क्रीनवर 'कर्नल पॅनिक' आणि 'अनेबल टू माउंट रूट एफएस' अशा ओळी दिसतात. जुना कर्नल मात्र सहसा डिस्कवर असतोच. त्याच्यावरूनच आत शिरायचं.

१. मशीन चालू करून कंपनीचा लोगो गेला की एस्केप एकदाच दाबा (जुन्या बायोसवर, म्हणजे मशीनच्या जुन्या धाटणीच्या मूळ सॉफ्टवेअरवर, शिफ्ट दाबून धरा). जास्त वेळा दाबलं तर नुसतं 'ग्रब>' येतं. तिथे 'नॉर्मल' टाइप करून एंटर मारा आणि लगेच पुन्हा एकदा एस्केप.

२. ग्रबचा मेनू दिसला की 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू' मध्ये जा. सर्वात वरच्या कर्नलचा क्रमांक लिहून ठेवा आणि त्याच्या आधीचा क्रमांक निवडा, रिकव्हरी मोड नव्हे. बहुतेकांचं काम इथेच होतं.

३. आत गेल्यावर टर्मिनल उघडा. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. 'डीएफ -एच /बूट' (df -h /boot) ने जागा बघा. भरलेली असेल तर 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' (sudo apt autoremove) चालवून नको असलेले जुने कर्नल काढा. लाइट गेली असेल तर आधी 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' (sudo dpkg --configure -a) चालवून अर्धवट राहिलेलं अपडेट पूर्ण करा.

४. 'सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -सी -के' (sudo update-initramfs -c -k) आणि पुढे लिहून ठेवलेला क्रमांक. त्यानंतर 'सुडो अपडेट-ग्रब' (sudo update-grub). एरर आली नाही तरच रीस्टार्ट करा.

शेजारी विंडोज असेल आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असं दिसत असेल, तर दुखणं वेगळं आहे. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने अनेकांचं लिनक्स असंच अडवलं होतं. बायोसमध्ये सिक्युअर बूट (खात्रीचं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) तात्पुरतं बंद करा (विंडोजचं डिस्क-कुलूप बिटलॉकर वापरत असाल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी घ्या), उबुंटूत जाऊन 'सुडो मोकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट' (sudo mokutil --set-sbat-policy delete) चालवा, उबुंटूतच एकदा रीस्टार्ट करा आणि मग सिक्युअर बूट परत चालू करा.

यापुढे अपडेट करताना लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या, आणि उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून थेट उबुंटू सुरू करता येतं असा) आजच बनवून ठेवा. ग्रबच बिघडलं तर जुना कर्नलही दिसत नाही, तेव्हा तोच लागतो.