अजिंठा-वेरूळला निघण्याआधी

आधी वार बघा. गाडी कुणाची, हॉटेल कुठलं, माणसं किती, हे सगळं नंतर. भिंतीवरचं कॅलेंडर उघडा आणि खात्री करा की अजिंठ्याच्या दिवशी सोमवार येत नाही आणि वेरूळच्या दिवशी मंगळवार येत नाही. अजिंठा लेणी दर सोमवारी बंद असतात, वेरूळ लेणी दर मंगळवारी. जिल्हा एक, खातं एक, पण सुट्टीचे वार वेगळे, आणि माणसं नेमकी इथेच फसतात. कुणीतरी सांगतं, "अरे, लेणी सोमवारी बंद असतात", तेवढं ऐकून आपण मंगळवारी वेरूळ गाठतो. किंवा वेरूळचा मंगळवार लक्षात राहतो आणि तोच अजिंठ्यालाही लागू असणार असं धरून चालतो. लक्षात ठेवायला सोपं आहे: अ आधी, व नंतर, सोमवार आधी, मंगळवार नंतर. मुलांना पाठ करायला लावा, ती मोठ्यांपेक्षा नीट लक्षात ठेवतात.

जोडून सुट्ट्या आल्या की धोका सगळ्यात जास्त. शनिवार, रविवार आणि सोमवारची सुट्टी, असे तीन दिवस हाती आले की बेत आपोआप ठरतो: शनिवारी प्रवास, रविवारी जवळचं वेरूळ, सोमवारी लांबचं अजिंठा बघून परत. कागदावर फार छान दिसतं. आणि सोमवारी शंभर किलोमीटर जाऊन अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या फाट्यावर कळतं की आज बंद. आमच्या घरची सहल अशीच वाया गेली. सोबत गुडघ्यांनी थकलेली वडीलधारी माणसं होती, त्यांना पुन्हा तेवढा प्रवास झेपणार नव्हता. म्हणून हे इतकं बजावून सांगते आहे. तीन दिवस असेच असतील तर रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ. रविवारी संध्याकाळी पोचणार असाल तर सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. हाच क्रम उलटा केलात तर सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ बंद, दोन्ही दिवस वाया. हे वाक्य पुन्हा वाचा.

आणि हा प्रश्न फक्त अजिंठा-वेरूळचा नाही. आपल्या राज्यात फिरायला निघालात की पत्त्याच्या आधी वार विचारायची सवय लावून घ्या. घारापुरी सोमवारी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, त्यामुळे आतली कान्हेरीची लेणीही बंद. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रातली सफारी मंगळवारी नसते. राणीची बाग बुधवारी बंद. कुठलाही एक वार धरून चालत नाही. निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा चौकशी करा, कारण कधी दुरुस्ती, कधी पावसाचा इशारा, कधी बड्या पाहुण्यांचा दौरा अशा कारणांनीही वेळा बदलतात. हॉटेलवाल्याला "उघडं असतं ना?" असं विचारू नका, तो हो म्हणतो. "अमुक तारखेला, अमुक वारी उघडं आहे का?" असं विचारा.

वार पक्का झाला? आता ऋतू. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात वाघूर नदीची घळ हिरवीगार असते, सात कुंडांचा धबधबा वाहतो, वेरूळलाही कड्यावरून पाणी कोसळतं, त्याची मजा वेगळीच. पण ढगाळ दिवशी लेण्यांच्या आत अंधार वाढतो आणि पायऱ्या निसरड्या होतात. एप्रिल-मे टाळा. अजिंठ्याचा कडा घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे, दुपारी तो दगड तापतो आणि वारा आत येत नाही.

मुक्काम. बहुतेक लोक छत्रपती संभाजीनगरला राहून दोन्हीकडे जातात. वेरूळ तिथून तीसेक किलोमीटर, तासाभराचं काम. अजिंठा मात्र शंभर किलोमीटर आहे, सिल्लोडमार्गे जायला अडीच तास धराच. सोबत वयस्कर किंवा अगदी लहान मुलं असतील तर आदल्या रात्री फर्दापूरला राहा, तिथे एमटीडीसीचं निवासस्थान आहे. सकाळी नऊला लेणी उघडतात तेव्हा तुम्ही दारात असता, आणि पहिल्या तासात जी शांतता मिळते ती अकरानंतर मिळत नाही. खानदेश-विदर्भाकडून रेल्वेने येणाऱ्यांना जळगाव जास्त जवळ पडतं, साठेक किलोमीटर.

अजिंठ्याला स्वतःची गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूर फाट्यावर ती लावायची आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. गाड्यांच्या धुराने चित्रं खराब होऊ नयेत म्हणून ही सोय आहे, तेव्हा तिथे हुज्जत घालू नका. म्हणजे पाणी, टोपी, औषधं, मुलांचं खाणं, सगळं गाडीतून उतरतानाच घ्या. "गाडीत राहिलं" म्हणून मागे फिरण्यात अर्धा तास जातो. फाट्यावर गारगोट्या आणि मूर्ती विकणारे मागे लागतात, घ्यायचं असेल तर परतताना. बस सोडते तिथून वर पायऱ्या आहेत. चढवत नसेल तर डोलीवाले असतात, भाव आधी ठरवा. वडीलधाऱ्यांना डोलीत बसायचा संकोच वाटतो. त्यांना आदल्या दिवशीच समजावून ठेवा, ऐनवेळी पायऱ्यांपाशी वाद घालायला लावू नका. तिकीट ऑनलाइन काढता येतं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. ओळखपत्र जवळ ठेवा. सुट्टे पैसे.

आता ज्या तयारीकडे कुणी बघत नाही ती. अजिंठ्याला जाण्याआधी निदान तीन जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, वाचा आणि मुलांना सांगा. कथा ठाऊक नसेल तर सतराव्या लेण्यात काळपट भिंतीवर गर्दी केलेली माणसं दिसतात, एवढंच. कथा ठाऊक असेल तर तीच भिंत बोलायला लागते: सर्वस्व दान करणारा विश्वंतर राजपुत्र, बायको-मुलांसह राज्य सोडून निघालेला, सहा सुळ्यांचा छदंत हत्ती, जो आपले सुळे शिकाऱ्याला देऊन टाकतो, जहाज फुटून राक्षसिणींच्या बेटावर अडकलेला सिंहल. पहिल्या लेण्यात महाजनकाची कथा आहे, राजवैभव सोडून जाणाऱ्या राजाची. पद्मपाणी आणि वज्रपाणी या बोधिसत्त्वांची चित्रंही तिथेच, गाभाऱ्याच्या दाराच्या दोन बाजूंना. पद्मपाणीसमोर घाई करू नका. हातातल्या कमळाकडे आधी बघा, मग झुकलेल्या पापण्यांकडे.

डोळ्यांना वेळ द्या. बाहेरच्या उन्हातून आत गेलात की पहिला मिनिटभर काहीच दिसत नाही, आणि बहुतेक लोक त्याच मिनिटात "काही दिसत नाही" म्हणत बाहेर पडतात. भिंतीला न टेकता मध्ये उभे राहा, दोन मिनिटं थांबा, रंग हळूहळू वर येतात. मोबाइलचा टॉर्च चित्रावर मारू नका, फ्लॅश अजिबात नको. हे सुरक्षारक्षक ओरडतो म्हणून पाळायचं नाही. ही चित्रं दगडावर थेट काढलेली नाहीत. माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू घालून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर वर रंग, अशी ती कला आहे. पंधराशे वर्षांचा तो गिलावा श्वासाच्या ओलाव्यानेही सुटतो. म्हणूनच चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात आणि चपला बाहेर काढायला लावतात. सहज निघतील अशा चपला घाला. छोटी दुर्बीण असेल तर न्या, छतावरची नक्षी तिच्यातून फार सुंदर दिसते.

वेळ कमी असेल तर १, २, १६, १७ ही चित्रांसाठी, १९ आणि २६ शिल्पांसाठी. सव्विसाव्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध डावीकडच्या भिंतीवर आडवा पहुडलेला आहे, तो न बघता परत फिरणारे पुष्कळ असतात, कारण तोवर पाय दुखायला लागलेले असतात. म्हणून पाणी आणि बसणं यांची आखणी आधीच करा. दहावं लेणं सगळ्यात जुन्यांपैकी, इसवी सनाच्या आधीचं. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव कोरून ठेवलं. मुलांना ते दाखवा आणि असं का करू नये ते तिथेच सांगा. अजिंठ्यात आग्या मोहोळंही असतात. सेंट मारून जाऊ नका, दंगा करू नका. माकडांसमोर पिशवी उघडू नका.

वेरूळकडे वळण्याआधी पुन्हा: मंगळवार नाही ना?

वेरूळला चौतीस लेणी. पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. सगळे लोक आत शिरताच समोरच्या सोळाव्यात, म्हणजे कैलासात घुसतात आणि तिथेच दमतात. तसं करू नका. लेणी पश्चिमाभिमुख आहेत, सकाळी कैलासाचा दर्शनी भाग सावलीत असतो. सकाळी उजवीकडची बौद्ध लेणी घ्या: दहावं विश्वकर्मा लेणं, छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या असलेलं, ज्याला गावातले लोक सुताराचं झोपडं म्हणतात, आणि तीन मजली बारावं. मग जेवण. कैलास दुपारी तीननंतर, ऊन तिरपं आत येतं तेव्हा. आणि आत जाण्याआधी बाजूच्या वाटेने टेकडीवर चढून वरून बघा. राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णाच्या काळात, आठव्या शतकात, हा डोंगर कळसापासून पायापर्यंत वरून खाली कोरत आणला. दगडावर दगड रचलेलाच नाही. हे खालून समजत नाही. वरून, कड्याशी उभं राहिल्यावर पोटात गोळा येतो आणि समजतं. वरच्या वाटेला मुलांचा हात सोडू नका. खाली आल्यावर कैलास हलवणारा रावण शोधा, दक्षिणेच्या बाजूला आहे. वर शंकर शांत, पार्वती दचकून त्याला बिलगलेली.

जैन लेणी लांब आहेत, उन्हात चालत जाऊ नका, वाहनाने जा. बत्तिसावी इंद्रसभा बघाच.

घृष्णेश्वर जवळच आहे, आणि इथे वाराचा आणखी एक पेच आहे. वर सांगितलेल्या क्रमाने वेरूळ सोमवारी येतं, आणि सोमवार महादेवाचा. श्रावणी सोमवार असेल तर रस्ताच भरलेला असतो. अशा वेळी दर्शन पहाटे उरका, नाहीतर वेरूळसाठी सरळ बुधवार-गुरुवार निवडा. गाभाऱ्यात पुरुषांना सदरा-बनियन काढून जावं लागतं, हे घरच्या पुरुषांना आधीच सांगून ठेवा. गावात मालोजीराजांची गढी आहे, शिवरायांच्या घराण्याचं हे मूळ ठिकाण. दोन मिनिटं का होईना, थांबा.

देवगिरी वाटेतच आहे, पण वेरूळच्याच दिवशी चढायचा हट्ट नको. साडेसातशेच्या आसपास पायऱ्या, आणि मध्ये अंधारी, जिथे शत्रूची वाट चुकावी म्हणून कोरलेला काळोखी भुयारी जिना आहे. वटवाघळांचा वास येतो. टॉर्च इथे न्या, इथे तो हवाच. दिवाळीच्या सुमारास गेलात तर दौलताबादची सीताफळं. बीबी का मकबरा आणि पाणचक्की संध्याकाळी होतात. खाण्याचं सांगायला नको, नान-खलिया एकदा खा.

दिवस शिल्लक असेल तर पैठण किंवा लोणार, दोन्ही नाही. पैठणला नाथांची समाधी, जायकवाडी आणि पैठणीचे माग. लोणारला पहाटे निघा. उल्कापाताने झालेलं ते विवर काठावरून पावणेदोन किलोमीटरहून थोडं जास्त रुंद आहे, खाली उतरून वर यायला दम लागतो, आणि दैत्यसूदन मंदिर विसरू नका, ते गावात आहे.

परतीचं थोडक्यात. समृद्धी महामार्गाने जाणार असाल तर चढण्याआधी टायरमधली हवा तपासा, टाकी भरा, खाणं बरोबर घ्या. वेग आवरा. दुचाकीला तिथे परवानगी नाही. रेल्वेने परतणार असाल तर अजिंठ्याच्याच संध्याकाळचं तिकीट काढू नका, सिल्लोडच्या रस्त्यावर अडकलात तर गाडी चुकते. हिमरू शाल घ्यायची असेल तर विणकराकडे जाऊन मागावर बघून घ्या.